चिंचेने उजळलेली पट्टी

न्यू जर्सीच्या ज्या वाहन-नोंदणी कार्यालयात मी बावीस वर्षे काम केले, तिथे सकाळी दार उघडले की पहिला वास ओल्या कोटांचा येई. मग गरम शाईचा, कुणाच्या तरी कागदी पेल्यातल्या कॉफीचा, आणि या साऱ्यांच्या तळाशी अगदी हलका, रबराचा आणि पेट्रोलचा. माणसे गाड्या बाहेर ठेवून येत, पण गाड्यांचा वास त्यांच्या बाह्यांवरून आत येई. खिडकीमागे बसल्या बसल्या मला कधीकधी वाटे की समोरच्या बाकांवर गाड्याच बसल्या आहेत; थकलेल्या, मुक्या, आपला क्रमांक पुकारला जाण्याची वाट पाहणाऱ्या.

माझे काम मालकीपत्रांचे होते. इथे त्याला टायटल म्हणतात. गाडी विकली, वारशाने आली, लग्नात मिळाली किंवा घटस्फोटात गेली, तरी प्रत्येक वेळी तो एक कागद एका हातातून दुसऱ्या हातात जातो. तो नसेल तर दारात उभी असलेली गाडीही कुणाचीच नसते. एम.ए.ला मराठी कविता घेतलेल्या बाईच्या वाट्याला हे काम का यावे, ते मला सांगता येणार नाही. पण शब्द तोडून, मोजून वाचण्याची सवय कवितेनेच लावली होती. वाहनाचा सतरा अक्षर-आकड्यांचा क्रमांक मी मनातल्या मनात वृत्तासारखा म्हणत असे. एखादा आकडा चुकला असेल तर तो यतिभंगासारखा कानाला बोचे. माझ्या टेबलावरून चुकीचा क्रमांक सहसा पुढे गेला नाही, एवढा अभिमान मला बाळगू द्यावा.

खिडकीवर येणाऱ्यांत तऱ्हेवाईक माणसांची उणीव नव्हती. एका गृहस्थांना मी सांगितले की गाडीच्या दारावरचा क्रमांक हवा. दुसऱ्या दिवशी ते चक्क दारच खांद्यावर घेऊन आले. रांगेतल्या लोकांनी त्यांना वाट करून दिली आणि त्यांनी ते निळे दार माझ्या खिडकीला टेकवून ठेवले, काच वर चढवलेली, हँडलला किल्ल्या लटकलेल्या. एक वृद्ध बाई दरवर्षी वसंत ऋतूत येत आणि कागदावर आपल्या दिवंगत यजमानांचे नाव अजून आहे ना, एवढेच विचारून जात. नियमाप्रमाणे ते काढायला हवे होते. मी दरवर्षी फक्त सांगत असे की आहे.

आपल्या माणसांबाबत मात्र मी स्वतःसाठी एक कडक नियम केला होता. नोकरी लागली त्या वर्षी पार्सिपनीतल्या एका मंगळागौरीत माझी वार्ता पसरली, आणि पुढच्याच आठवड्यात दोन ओळखीचे काका रांग सोडून थेट खिडकीशी आले. "आपलीच आहेस, जरा बघ ना," असे म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा मायेने पाहिले की मागच्या रांगेतल्या माणसांच्या नजरा मला मानेवर जाणवल्या. त्या दिवसापासून खिडकीत मी मराठी बोलले नाही. छातीवरच्या बिल्ल्यावरही आडनावाचे पहिले अक्षर तेवढे ठेवले. कुणी "तुम्ही मराठी का?" असे विचारलेच, तर मी इंग्रजीत हसून पुढचा कागद मागत असे. हा नियम मला फार दिवस स्वच्छ, धुतल्या वस्त्रासारखा वाटत आला.

अविनाश पहिल्यांदा आला तेव्हाही मी तो पाळला.

तो मूळचा नागपूरचा, पार्सिपनीत राहणारा, चाळिशी ओलांडलेला आयटीतला माणूस. त्याने घराच्या गॅरेजमध्ये चार वर्षे खपून एक किट कार बांधली होती. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. एखादी कंपनी गाडीचे बाह्यांग, म्हणजे दारे, नाक, शेपूट, खोक्यांत भरून पाठवते. इंजिन, आस आणि खालचा सांगाडा मात्र आपण एखाद्या जुन्या, मोडीत निघालेल्या गाडीतून काढून घ्यायचा. त्या जुन्या गाडीला इथले लोक डोनर म्हणतात, मरताना डोळे देऊन जाणाऱ्या माणसासारखे. नव्या देहाचे कागद कंपनी देते. जुन्या गाडीचे कागद जुन्या मालकाकडून यावे लागतात.

अविनाशची डोनर गाडी पेनसिल्व्हेनियातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या गोठ्यात कित्येक वर्षे गवताखाली पडून होती. तिचे टायटल कधीच हरवले होते. शेतकऱ्याने वहीचे पान फाडून पेन्सिलीने लिहून दिले होते: ही गाडी मी या माणसाला दिली, तिचा क्रमांक अमुक. अशा बिनकागदाच्या गाडीलाही वाट असते. राज्याराज्यांच्या नोंदी धुंडाळायच्या, ती चोरीची नाही ना ते पाहायचे, शेवटच्या मालकाच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवायचे आणि उत्तर येते का म्हणून थांबायचे. साधारण तीन महिने लागतात. पण या साऱ्याचा पाया एकच: सांगाड्यावरची, क्रमांक ठोकून उमटवलेली धातूची पट्टी. वहीच्या पानावरचा क्रमांक आणि पट्टीवरचा क्रमांक एक असला पाहिजे.

त्याने फोटो दाखवले. समुद्राच्या उथळ पाण्याचा असतो तसा हिरवा रंग, आणि बैठक इतकी खालची की बसणाऱ्याला रस्ता हाताने चाचपता यावा. तो इंग्रजीत म्हणाला की आई आली आहे, जानेवारीअखेर तिचे परतीचे तिकीट आहे, त्याआधी तिला एकदा या गाडीतून न्यायचे आहे. नंतर जरा थांबून, मराठीत, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "ती आता परत यायची नाही. गुडघे गेलेत तिचे." मी कागदांवर शिक्का मारला आणि तपासणीची तारीख दिली. दसऱ्यानंतरचा चौथा दिवस.

तपासणी कार्यालयामागच्या उंच पत्र्याच्या शेडमध्ये होते. कागदपत्रे घेऊन मीही तिथे गेले होते. अविनाशने गाडी ट्रेलरवर चढवून आणली होती. कागद नसलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. ऑक्टोबरचे ऊन मोठ्या दारातून तिरके आत येत होते आणि त्यात ती हिरवी गाडी पाण्याखाली ठेवल्यासारखी दिसत होती. कोपऱ्यातल्या बाकावर त्याची आई बसली होती. वय सत्तरीच्या पुढचे, नऊवारीवर लेकाचे जाड जॅकेट, पायात लोकरी मोजे आणि चपला. तिचे नाव सुमतीकाकू, हे मला नंतर कळले.

आमचा तपासनीस वॉल्टर, सहा फूट उंच, हळू बोलणारा, निवृत्तीला टेकलेला. त्याने टॉर्च घेऊन गुडघे टेकले, सांगाड्याच्या आडव्या पोलादावर रिव्हेटांनी बसवलेली ती बोटभर लांबीची पितळी पट्टी शोधली. मग त्याने मला जवळ बोलावले.

पट्टी झळझळत होती. साठ वर्षांची, गोठ्यात कुजलेली गाडी, आणि तिच्यावर ही पट्टी नव्या नथीसारखी. तिच्यावर एकही आकडा नव्हता.

"हे कुणीतरी घासून काढलंय," वॉल्टर म्हणाला.

आमच्या धंद्यात या वाक्याला एकच अर्थ आहे. चोरीच्या गाडीचा क्रमांक घासून काढतात. अशी गाडी तिथल्या तिथे ताब्यात घेतली जाते, आणि ठरल्या मुदतीत तिची ओळख पटली नाही तर ती दाबयंत्रात जाते. मालकाच्या नावापुढेही एक काळी खूण राहते, आणि अविनाश अजून ग्रीन कार्डाच्या रांगेत होता.

मी वाकले. वाकताक्षणी मला तो वास आला. फार पुसट, आंबट, ओल्या पितळेचा. देवघरातल्या शुक्रवारच्या सकाळींचा वास. रिव्हेटाच्या कडेला वाळलेल्या चिंचेचा तपकिरी तंतू चिकटला होता, आणि त्याच्या खाली, खाचेत, कुंकवाचा एक कण. ती झळाळीही मी ओळखली. यंत्राची झळाळी थंड आणि सपाट असते. ही गोलगोल फिरणाऱ्या हाताची होती, आतून किंचित गुलाबी.

मी मान वर केली. अविनाशने पट्टीकडे पाहिले, मग बाकावरच्या आईकडे, आणि मग जमिनीकडे. त्यालाही कळले होते. आई लांबून पट्टीवर पडलेला टॉर्चचा उजेड पाहत होती आणि आपले काम कुणीतरी निरखून पाहते आहे अशा समाधानाने हसत होती.

हे कसे झाले, असे वॉल्टरने विचारले. अविनाश म्हणाला, मला माहीत नाही.

त्या शेडमध्ये खरे उत्तर जाणणारी दोन माणसे होती आणि दोघेही गप्प राहिले. तो का गप्प राहिला ते उघड होते. मी का राहिले, याची कारणे मी स्वतःला पुष्कळ दिली: मी तपासनीस नाही; माझे मत विचारलेले नाही; मी बोलले तर म्हणतील, आपल्या माणसाची बाजू घेते. माझा तो धुतल्या वस्त्राचा नियम मी अंगाभोवती घट्ट ओढून घेतला. वॉल्टरने गाडीच्या आरशाला लाल चिठ्ठी बांधली आणि ती मागच्या आवारात, ताडपत्रीखाली गेली. काकू उठल्या आणि वळून वळून पाहत लेकाच्या हाताला धरून निघाल्या. दारातून जाताना त्यांनी त्याला विचारले, "गाडी इथंच ठेवून राहिले का रे?" त्याने काय उत्तर दिले ते मला ऐकू आले नाही.

अकरा आठवडे गेले. माझ्या खुर्चीवरून मागचे आवार दिसे. ताडपत्रीवर आधी मेपलची पाने साचली, मग पाऊस, मग पहिला बर्फ. बर्फाखाली गाडीचा आकार अधिकच मऊ झाला, कुणी कूस बदलून झोपल्यासारखा. अविनाश दर पंधरा दिवसांनी येई, वहीचे ते पान पुढे करी, आणि मी त्याला नियम वाचून दाखवी: पट्टीवर क्रमांक नसताना नुसते पान चालत नाही. तो भांडला असता तर मला सोपे गेले असते. तो "थँक यू" म्हणून जाई.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी संक्रांतीचे तीळ भाजायला घेतले आणि ते निवत घालायला माळ्यावरून आईची पितळी परात काढली. आमच्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत आहे, ती वाचकांना सांगायला नको. बाजारात एक माणूस बैठक मारून बसे, हातात छिन्नी आणि छोटी हातोडी. टिक्, टिक्, टिक्. ठिपक्या-ठिपक्यांनी नाव उमटे, आणि लग्नकार्यात शंभर घरांची भांडी एका मांडवात मिसळली तरी प्रत्येक भांडे आपापल्या घरी परत जाई. आईच्या परातीच्या कडेवरचे नाव पन्नास वर्षांच्या घासण्याने पार गेले होते. बाहेरून कड गुळगुळीत होती. मी तीळ पसरत होते, तेव्हा आतल्या बाजूने माझ्या बोटांना काहीतरी लागले. बारीक बारीक उंचवटे, अंगावर काटा यावा तसे. मी परात उजेडात तिरकी धरली. आतून आईचे नाव होते, उलटे.

गरम तिळांचा वास घरभर पसरला होता आणि मी परात हातात धरून उभी होते. बाहेरून कितीही घासले तरी ठोक्याची पाठ उरते. मग त्या पट्टीलाही पाठ होती.

दुसऱ्या दिवशी मी लेखी निवेदन दिले. या इसमाशी माझी ओळख नाही. त्याची भाषा आणि माझी भाषा एक आहे. पट्टी काढून तिची पाठ पाहिली, तर ठोकलेले आकडे तिथे सापडतील. पट्टी कशाने घासली गेली हे मी पहिल्या दिवशीच ओळखले होते आणि सांगितले नाही. शेवटचे वाक्य मी दोनदा खोडले आणि तिसऱ्यांदा लिहिले. वॉल्टरने ते उभ्या उभ्या वाचले. पट्टीचे रिव्हेट काढणे हा गुन्हा आहे, तो अधिकार फक्त तपासनिसाचा, आणि वापरायचा म्हटला तर त्यामागे ठोस कारण लागते. त्याने मला चिंच म्हणजे काय ते विचारले. मी सांगितले. तो म्हणाला की त्याची आजी केचपने तांब्याची भांडी घासायची. मग म्हणाला, "अकरा आठवडे तू हे मनात ठेवलंस?" त्या स्वरात राग नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

पट्टी कुणी घासली याचा जबाब त्याला हवा होता. म्हणून मायलेकांना बोलावले आणि भाषांतराला मी बसले. अविनाश आधी एकटाच माझ्याकडे आला. मी त्याच्याशी मराठीत बोलले तेव्हा तो क्षणभर माझ्या बिल्ल्याकडे पाहत राहिला.

"ताई, आईला हे कळायला नको होतं हो," तो म्हणाला. "ती तिकडे जाऊन हेच उगाळत बसेल. गाडी गेली तर गेली. मी तिला सांगितलंय की सर्व्हर डाऊन आहे."

"अकरा आठवडे?"

"नागपूरला सगळ्यांना पटतं ते."

काकू आत आल्या, खुर्चीवर टेकल्या, गुडघ्यांवर हात ठेवले. मी शक्य तितक्या हळुवार शब्दांत विचारले की काकू, त्या पट्टीला कुणी हात लावला होता का. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्या लेकाकडे पाहत होत्या.

"मी दर शुक्रवारी घासत होती," त्या म्हणाल्या. "देवाची भांडी झाली की तेच चिंचेचं पाणी घेऊन गॅरेजात जायची. इथं राख कुठं मिळते? म्हणून मग तारेची घासणी. यानंच मला सांगितलं होतं, आई, गाडीचा सारा जीव या पट्टीत आहे. मग जीव असा काळा ठेवायचा का?"

"आई, मी तुला काही—"

"तू गप रे. मला काय समजत नाही का? त्या दिवशी तो उंच माणूस टॉर्च मारून राहिला आणि याचं तोंड उतरलं, तेव्हाच मला समजलं. अकरा आठवडे हा मला सांभाळून राहिला आणि मी याला."

मी हे इंग्रजीत सांगू लागले. निम्म्यावर मी अडखळले. वॉल्टरने लिहिणे थांबवले, पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला आणि खिडकीबाहेरच्या बर्फाकडे पाहत थांबला.

गाडी ढकलत शेडमध्ये आणून तिच्यावरची ताडपत्री काढली तेव्हा बर्फाची एक अखंड लादी घसरून पडली. वॉल्टरने ड्रिलने दोन्ही रिव्हेट काढले आणि पट्टी तळहातावर उपडी केली. पाठ काळी होती, जुन्या ग्रीसची आणि साठ हिवाळ्यांची. त्याने फडक्याने ती टिपली, पुसली नाही. टॉर्च आडवा धरला. काळ्यातून ओळीने उंचवटे वर आले, उलटे आकडे, पाठमोरी उभी राहिलेली माणसे असावीत तसे.

त्याला ते सरळ वाचायचे होते. मी आरसा शोधत पर्स उघडली, पण त्याआधीच काकूंनी बोट दाखवले. गाडीला तिचा स्वतःचा आरसा होता. लाल चिठ्ठी अजून त्यावर लोंबत होती. वॉल्टरने ती बाजूला केली आणि पट्टी आरशासमोर धरली. शेतकऱ्याचे वहीचे पान माझ्या हातात होते. तो एकेक आकडा म्हणे आणि मी पानावर बोट ठेवी. इतकी वर्षे क्रमांक वाचले, पण त्या दिवसासारखा एकही वाचला नाही. शेवटचा आकडा जुळला तेव्हा अविनाश चाकाला टेकून खाली बसला. वॉल्टर "ओके" म्हणाला आणि चिठ्ठीची दोरी कापली.

काकूंनी मला जवळ बोलावले. "तुझं नाव काय गं?"

त्या इमारतीत हा प्रश्न मला माझ्या भाषेत कुणी विचारला नव्हता. मी कुणाला विचारू दिला नव्हता. मी सांगितले, शालिनी.

"शालिनी," त्यांनी एकदा म्हणून पाहिले.

गाडी वाचली. पण तीन महिन्यांचे काम तीन महिन्यांचेच असते. नोंदी धुंडाळल्या गेल्या, पत्रे गेली, त्यांची वाट पाहिली गेली, जोडून बांधलेल्या गाडीला मिळतो तसा नवा क्रमांक तिला मिळाला आणि तिचे टायटल माझ्याच यंत्रातून एप्रिलच्या एका सकाळी बाहेर आले, गरम. काकू जानेवारीअखेर नागपूरला परतल्या होत्या. मी ऑक्टोबरातच तोंड उघडले असते, तर जानेवारी संपायच्या आत तो कागद निघाला असता आणि काकू त्या हिरव्या गाडीत बसल्या असत्या. हा हिशेब शाळकरी मुलालाही येईल. अविनाशने तो मला कधी बोलून दाखवला नाही. त्याने कागद घेतला, दोन वेळा वाचला आणि विचारले, "ताई, रांग सोडून आलो नाही ना?" मी हसले. त्यानंतर मी खिडकीत मराठी बोलू लागले. सगळ्यांना रांगेतच उभे केले, पण मराठीत.

नोकरीत असताना कुणाची भेटवस्तू घेता येत नाही. हे अविनाशने आईला सांगितले असावे. कारण मी निवृत्त झाले त्याच्या पुढच्याच महिन्यात नागपूरहून एक पार्सल आले, शिवलेल्या मांजरपाटात. आत पितळी गडवा होता, आपण ज्याला तांब्या म्हणतो तो, आणि चिठ्ठी नव्हती. गळ्याशी, ठिपक्या-ठिपक्यांनी, नाव घातले होते: चि. शालिनी हिस, सुमतीकाकूंकडून. मी दोन बोटे आत घालून गळ्याच्या आतली बाजू चाचपली. तिथेही मी होते.

तो गडवा आता माझ्या घरच्या खिडकीत असतो. ओलसर हवेने त्यावर आधी तांबूस, मग तपकिरी सावली चढली आहे आणि ठिपके त्यात हळूहळू बुडत चालले आहेत. मैत्रिणी आल्या की म्हणतात, अगं, दिवाळी आली, जरा चिंच लाव याला. मी बाकी सगळी भांडी घासते. तो घासत नाही.